शेत गेलं, ताट तेवढंच राहिलं

चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भाच्याच्या हळदीला गावी गेले होते. मांडवात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होती आणि आम्ही बाया चटईवर बसून ऐकत होतो. तासाभराने उठायची वेळ आली आणि मला उठता येईना. एक गुडघा वाकवला, एक हात टेकला, मग दुसरा टेकला, आणि शेवटी भाचीचा खांदा धरून उभी राहिले. शेजारी माझी आय बसली होती. तेव्हा ती ७६ वर्षांची. तिने एक हात गुडघ्यावर ठेवला, ‘हं’ केलं आणि उठून चुलीवरचा भात बघायला निघूनही गेली. मी ४९ वर्षांची, पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवणारी. वजन ७८ किलो, कमर ९७ सेंटिमीटर.

घरी येऊन ठरवलं, वजन कमी करायचं. हे उदाहरण मी मुळातच चुकीचं मांडलं होतं, हे कळायला मला वर्ष लागलं. मला त्रास वजनाचा कमी आणि ताकद नसण्याचा जास्त होता. ७८ किलो उचलून उभं करणारे पाय माझ्याकडे नव्हते. आज वजन ६९ आहे, कमर ८४ आहे आणि चटईवरून मी हात न टेकता उठते. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यासाठीच हा लेख लिहिते आहे. चाळिशी ओलांडलेल्या पनवेलकरांना, आणि त्यातही बायांना, माझं सांगणं आहे की वजन उतरवायच्या मागे लागण्याआधी वजन उचलायला शिका.

आम्ही आगरी. आमचं गाव गाढी नदीच्या अंगाला. घरात ‘व्यायाम’ हा शब्द नव्हता. पुरुषांना कबड्डी होती, बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. जवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झाले, हे आम्ही शाळेत शिकलो. तालीम ही पुरुषांची जागा. बायांच्या वाट्याला होती भाताची आवणी. आषाढात गुडघाभर चिखलात, कमरेतून वाकून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मग कापणी, डोक्यावरून भारे, झोडणी, कांडण, विहिरीचं पाणी. त्या कामाला साजेसं ताट होतं. तांदळाच्या तीन मोठ्या भाकऱ्या, वालाचं कालवण नाहीतर सुका बोंबील, वर भात.

१९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि आसपासच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात निघाल्या. १९८४च्या जासईच्या शेतकरी लढ्यानंतर पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत मिळाले. त्यांवर इमारती उठल्या, कुणी डंपर घेतले, कुणी भाडी खाऊ लागलं. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि जिथे खाजण आणि खाचरं होती तिथे आता धावपट्टी आहे. जमिनीचा हिशेब पुष्कळांनी मांडला, अंगाचा कुणी मांडला नाही. शेत गेलं, पण ताट तेवढंच राहिलं. उलट त्यात बिर्याणी, चायनीज आणि कोल्ड्रिंकची भर पडली.

बाहेरून आलेल्यांची गत निराळी नाही. पनवेलहून सीएसएमटीला लोकलने जवळजवळ दीड तास जायला, तेवढाच यायला, आणि मधले आठ तास खुर्चीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर निघाला. आमच्या गावात घरटी एक साखरेची गोळी आहे, हे मला पाहणीशिवायही दिसतं.

तर मी सुरुवात केली धावण्याने. कारण धावायला बूट सोडून काही लागत नाही. पहाटे वडाळे तलावावर जायचं आणि फोन सांगेल तसं पळायचं. तिसऱ्या महिन्यात मैत्रिणींच्या नादाने १० किलोमीटरच्या एका शर्यतीत नाव दिलं. ८५ मिनिटांत पोचले, गळ्यात पदक घालून फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना नडग्या अशा ठणकल्या की कठड्याला धरून बसले. पुढे दीड महिना धावणं बंद.

घरी पडल्यापडल्या हिशेब केला. माझ्या संथ चालीत मिनिटाला साधारण १६० पावलं पडतात. ८५ मिनिटांची झाली १३,६००. धावताना प्रत्येक पावलाला एकाच पायावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. म्हणजे १३,६०० वेळा, दर वेळी दीडशे किलोंच्या वर, आणि तेही जे पाय मला चटईवरून उठवू शकत नव्हते त्यांच्यावर! गोम अशी की दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायूंचे बंध तयार व्हायला महिने लागतात. छाती म्हणते पळ आणि नडगी म्हणते थांब. नवखा माणूस छातीचं ऐकतो.

मग एकाने जिम सुचवली. नवीन पनवेलमधली, तळघरातली, भिंतीभर आरसे असलेली. आत शिरले आणि तिथला ट्रेनर गडबडीने उभा राहिला. ‘मॅडम, ओळखलं नाही? बीजगणितात तीनदा वर्गाबाहेर काढलं होतंत.’ ओळखलं. सगळं आयुष्य मागच्या बाकावर काढलेला मुलगा. आता दंड माझ्या मांडीएवढे. मी सांगितलं, वजन कमी करायचंय. तो म्हणाला, ‘आधी या खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठून दाखवा.’ मी सहाव्यांदा खुर्चीला हात लावला. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘मॅडम, हाच गृहपाठ.’

त्याने मला यंत्रांकडे नेलंच नाही. पाचच गोष्टी शिकवल्या. पाचही आमच्या आय-आजी रोज करत होत्या. बसून उठणं, म्हणजे खुर्चीपासून सुरू करून हळूहळू खाली. वाकून उचलणं. ढकलणं, म्हणजे आधी भिंतीला हात लावून जोर, मग ओट्याला, मग जमिनीवर. ओढणं, म्हणजे डंबेल किंवा पाण्याचा कॅन एका हाताने कमरेकडे ओढून घेणं. आणि उचलून चालणं, दोन्ही हातांत वजन घेऊन, ताठ. प्रत्येक गोष्ट ८ ते १२ वेळा, दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत. बारा सहज जमली की वजन थोडं वाढवायचं. लहानपणी वासरू रोज खांद्यावर घेणारा पोरगा बैल उचलू लागतो, अशी गोष्ट सांगतात. तत्त्व तेच, फक्त वासराची वाढ आपल्या हातात ठेवायची.

उचलण्याची रीत नीट शिकून घ्या, त्यात हयगय नको. वजन पायांच्या अगदी जवळ. ढुंगण मागे, पाठ सरळ, नजर थोडी पुढे. श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. घरात सराव करायला गॅसचा बाटला आहेच. आत १४.२ किलो गॅस, रिकामा बाटला साधारण १५-१६ किलोंचा, म्हणजे भरलेला तीसेक किलो. मला तो जमिनीवरून नीट उचलता यायला आठ महिने लागले. त्याआधी रिकाम्याने, त्याआधी पाच किलो तांदळाच्या पिशवीने.

इथे कुणी म्हणेल, मग जुनं जिणंच बरं होतं की. नव्हतं. आयच्या पाठीला आज पोक आहे. दोन्ही गुडघे झिजलेत. अंगात ताकद होती, पण ती ताकद घडवताना तेच शरीर खर्ची पडत होतं. कारण ते कष्ट होते, व्यायाम नव्हता. अंगमेहनत दोन्हीकडे तीच. फरक एवढाच की व्यायामात आज किती उचलायचं ते आपण ठरवतो, उद्या विश्रांती घेतो आणि पोटभर सकस खातो. आयला यातलं काहीच ठरवता आलं नाही. ताप असला तरी आवणी, आणि सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल ते जेवण. आपल्याला तिचे कष्ट परत आणायचे नाहीत. तिच्या हालचाली तेवढ्या परत आणायच्या आहेत, तिला न मिळालेल्या विश्रांतीसकट.

वडाळे तलावावर पहाटे जे दिसतं त्याबद्दल थोडं बोलते. सगळे चालतात, हे फार चांगलं. पण मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं झाली की दिवसाचं पुण्य पदरात पडलं, असं मानतात. हा दहा हजारांचा आकडा पसरला तो एका यंत्राच्या विक्रीतून. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीत दोन गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, म्हणजे भरभर चालणं, हा पहिला भाग. मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, हा दुसरा. आपण पहिला भाग वाचतो आणि पान उलटतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात, आणि नुसत्या चालण्याने ही गळती थांबत नाही.

पाय तयार झाल्यावर मी पुन्हा धावू लागले, पण या वेळी पाढा म्हणत. माझा नियम सोपा आहे. धावताना एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. ‘एकोणीस सक’ला धाप लागली तर वेग जास्त आहे, चालायला लागा. सुरुवातीला एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. दर आठवड्याला धावणं थोडं वाढवायचं, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. दुखणं दोन प्रकारचं असतं. मांडी भरून येणं हे कामाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं, एकाच जागी ठणकणारं दुखणं जाणवलं की धावणं बंद आणि डॉक्टर गाठायचा.

पनवेलची हवाही हिशेबात धरा. खाडीजवळचा दमट उकाडा. घाम निथळतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबरात सूर्य वर यायच्या आत आटपा. वेग कमी झाला तर वाईट वाटून घेऊ नका. घरी आल्यावर मीठ घातलेलं कोकमाचं सरबत कुठल्याही रंगीत बाटलीइतकं कामाला येतं. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आणि शेवाळ, तेव्हा मी इमारतीचा जिना चढते. चार मजले, सहा फेऱ्या. उतरताना कठड्याला हात.

आता वजनाकडे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. धावण्याला ढोबळमानाने दर किलोमीटरला, अंगाच्या दर किलोमागे एक कॅलरी लागते. ७० किलोंचा माणूस पाच किलोमीटर धावला की ३५० कॅलरी. म्हणजे एक किलो चरबीसाठी अशा २२ फेऱ्या. आठवड्याला तीन म्हटलं तर सात आठवड्यांहून जास्त, आणि तेही भूक लागली म्हणून वर काही खाल्लं नाही तर. परतताना नाक्यावर एक वडापाव आणि साखरेचा चहा घेतला की ती पूर्ण फेरी वजा. मी दहा वर्गांत चाचणी घेतली तरी हेच उत्तर येईल. धावण्याने दम वाढतो, झोप सुधारते, डोकं शांत राहतं. वजन मात्र ताटातच उतरतं.

ताटात मी काय केलं ते सांगते, डाएट म्हणून नव्हे. भाकरी सोडली नाही. आगऱ्याच्या घरात भाकरी सोडणं म्हणजे माहेर सोडणं. एका मोठ्या तांदळाच्या भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं, साधारण १७५ कॅलरी. दोन वेळच्या चारऐवजी दोन केल्या. दिवसाच्या ३५० कॅलरी वाचल्या, म्हणजे न धावता पाच किलोमीटर. रिकामी जागा कालवणाने भरली. अंडी, ताजे मासे, वाल, कडधान्य. माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे किमान ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. मला ती ५७ ग्रॅम पडतात. जिममधल्या पोरांनी डबाभर पावडर दाखवली. मी त्यांना म्हटलं, सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात, तेवढा वासाचा प्रश्न सोडवा. मीठ फार असतं म्हणून तो भिजवून, दोनदा पाणी टाकून घ्यायचा; रक्तदाब असलेल्यांनी जपूनच खायचा.

आणि लग्नसराई? हळदीला उपाशी बसून सोवळेपणा करू नका. त्या रात्री जेवा. मात्र हळद, लग्न, वरात आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं, अशा चार जेवणांतून एकच भरपेट जेवा. वजनकाट्यावर आठवड्यातून एकदाच चढा. कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या बायांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरची मर्यादा धरतात. मी अजून चार सेंटिमीटर पलीकडे आहे, पण घाई नाही.

शिक्षकांच्या खोलीत हे बोलले तेव्हा दोन हरकती आल्या. एक, बाईने वजन उचललं की पुरुषी दिसते. मी इतकी वर्षं उचलते आहे; अजून कुणी मला सर म्हटलेलं नाही. एवढे स्नायू आठवड्याच्या दोन तासांत येत नाहीत, त्यांसाठी वर्षानुवर्षं तपश्चर्या लागते. आणि भारतीय स्त्रीने ऑलिम्पिकमध्ये जिंकलेलं पहिलं पदक कोणतं? २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने वजन उचलून जिंकलेलं कांस्य. आपल्या घाटाच्या वर, वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून ज्युनिअर जागतिक सुवर्णपदक आणलं. ते भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण. मुली ही बातमी वाचून टाळ्या वाजवतात आणि स्वतः मात्र एक किलोचे गुलाबी डंबेल हलवत बसतात.

दुसरी हरकत नवी आहे. ‘आता इंजेक्शन आलंय.’ आलंय खरं. २०२५पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतात मिळू लागली, आणि लठ्ठपणा व मधुमेह असलेल्या अनेकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वजन कोणत्याही मार्गाने भराभर उतरलं की जातं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, ढोबळमानाने पाव भाग. इंजेक्शन घेणाऱ्याने तर वजन उचलायलाच हवं. नाहीतर अंग हलकं होईल आणि चटईवरून उठायला पुन्हा भाचीचाच खांदा लागेल.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्तदाब असेल, चालताना छातीत दाटत असेल, तर आधी डॉक्टर, मग बूट. आणि सुरुवात लहान ठेवा. उद्या सकाळी खुर्चीतून हात न लावता किती वेळा उठता येतं, तेवढंच मोजा. तो आकडा कागदावर लिहा. बाकीचं त्याच्यापुढे वाढत जातं.

आय आता ८० वर्षांची आहे, आमच्याकडेच असते. गेल्या पावसाळ्यानंतर तिला शौचाला बसून उठताना भिंत लागू लागली, तेव्हा मी ट्रेनरचा गृहपाठ तिला दिला. खुर्ची भिंतीला टेकवायची, मी समोर उभी राहायची, तिने दिवसातून दोनदा उठबस करायची. पहिल्या दिवशी तिने आठ केल्या आणि नवव्याला खुर्चीतच बसून राहिली. मी सवयीने म्हटलं, अजून दोन. ती हसली. ‘झालं गो बाय. ही काय आवनी हाय?’

मी गप्प बसले. साठ वर्षं अंग मोडेपर्यंत राबलेल्या बाईने दमायच्या आत आपणहून थांबायचं ठरवलं होतं. तिचा आकडा मी वहीत लिहिला : आठ.